बर्फाखाली घडलेले डोंगर : आइसलँडच्या दक्षिण भागातून

निवृत्तीनंतर प्रवासाला निघालेला भूवैज्ञानिक खडकच पाहत हिंडणार हे उघड आहे, पण आइसलँडमध्ये खडकांइतकेच हवामानाने मला गुंतवून ठेवले. अटलांटिकवरून एकामागून एक येणारी कमी दाबाची क्षेत्रे इथे सकाळचे ऊन दुपारपर्यंत टिकू देत नाहीत आणि वाऱ्याचा जोर असा की गाडीचे दार उघडताना ते घट्ट धरून ठेवावे लागते. त्यामुळे दिवसाचा मार्ग नकाशापेक्षा हवामानाच्या अंदाजावरून ठरत असे. इथले डोंगर समजून घ्यायचे तर हवामानच विचारात घ्यावे लागते, मात्र ते आजचे नव्हे, हिमयुगातले.

थिंगव्हेलीर या खोऱ्यात बहुतेक प्रवासी ज्या भेगांसाठी येतात त्या पाहण्यासारख्या आहेतच. उत्तर अमेरिका आणि युरेशिया हे दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, आइसलँडमध्ये वर्षाला सुमारे 2 सेंटिमीटर या गतीने एकमेकांपासून दूर सरकत आहेत आणि इ.स. 930 पासून इथली लोकसभा याच कड्यांच्या आडोशाला भरत असे. मला मात्र अधिक सांगावेसे वाटते ते उत्तरेकडच्या दोन डोंगरांविषयी. स्क्याल्डब्रेदुर हा अत्यंत मंद उताराचा, चहूबाजूंनी ऐसपैस पसरलेला ज्वालामुखी आहे, तर त्याच्या शेजारच्या ह्लोदुफेल या डोंगराच्या बाजू ताठ उभ्या आणि माथा सपाट आहे. दोन्ही बेसाल्टचेच, फरक पडला तो उद्रेकाच्या वेळी डोक्यावर बर्फ होते की नव्हते यामुळे.

हिमयुगात शेकडो मीटर जाडीच्या बर्फाखाली लाव्हा बाहेर पडला, तेव्हा वरचे बर्फ वितळून तळे तयार झाले आणि त्या थंड पाण्यात शिरताच लाव्हा तडकून त्याची काच झाली. या काचेच्या चुऱ्याचा ढीग बर्फाच्या भिंतींमध्ये कोंडलेला असल्याने पसरू शकला नाही, तो उंच वाढत गेला. आणि जेव्हा त्याचे टोक पाण्याबाहेर आले, तेव्हा मोकळ्या हवेत आलेला लाव्हा नेहमीप्रमाणे वाहून वर कठीण, सपाट थर साचला. म्हणजे चुरा संपून अखंड लाव्हा जिथे सुरू होतो, ती उंची त्या काळच्या तळ्याच्या पाण्याची पातळी सांगते आणि त्यावरून बर्फ किती जाड असावे याचा अंदाज बांधता येतो. स्क्याल्डब्रेदुर मात्र सुमारे 9,000 वर्षांपूर्वी, बर्फ हटल्यानंतर घडला, म्हणून त्याला पसरायला अटकाव झाला नाही.

रस्त्याच्या कडेला याच जातीच्या तपकिरी खडकाचा एक तुकडा मी भिंगाखाली धरला. काळ्या काचेच्या टोकदार कपच्या, प्रत्येकीच्या कडेला पाण्याशी झालेल्या रासायनिक बदलाची मधाच्या रंगाची किनार, आणि बोटांना लागणारी बारीक भुकटी. या बदललेल्या काचेला पॅलागोनाइट म्हणतात आणि सुट्या चुऱ्याला खडकाचा घट्टपणा देते ती हीच.

पुढे पूर्वेला जाताना लाकी भेगेतून आलेल्या लाव्हाचे शेवाळलेले मैदान लागते. जून 1783 ते फेब्रुवारी 1784 या काळातल्या त्या उद्रेकाच्या गंधकयुक्त धुक्याने युरोप झाकोळून गेला आणि आइसलँडमधील सुमारे एक पंचमांश लोक त्यानंतरच्या दुष्काळात मृत्युमुखी पडले. खडक हवामानाला कसा वाकवतो याचे इतके भीषण उदाहरण माझ्या माहितीत क्वचितच दुसरे असेल.

वात्नायोकुल हिमनदाच्या पायथ्याशी स्केदाराऊर नदीचे काळ्या वाळूचे अफाट मैदान आहे. 30 सप्टेंबर 1996 रोजी बर्फाखाली उद्रेक सुरू झाला, वितळलेले पाणी ग्रिम्सव्होत्न या झाकलेल्या सरोवरात आठवडेच्या आठवडे साठत राहिले आणि 5 नोव्हेंबरला ते फुटून बाहेर पडले. सेकंदाला 40,000 घनमीटरांहून अधिक पाणी आणि त्याबरोबर शेकडो टन वजनाचे हिमखंड आल्यावर पुलांचे काय होणार! वळलेल्या पोलादी तुळया स्मारक म्हणून तिथे ठेवल्या आहेत आणि त्यांच्याजवळ उभे राहिल्यावरच ही आकडेवारी अंगावर येते.

या नदीवरच्या लांबलचक पुलामुळे 1974 मध्ये देशाला वळसा घालणारा महामार्ग पूर्ण झाला होता. हिमनद मागे हटत गेल्याने 2009 मध्ये नदीने पात्र बदलले, ती पश्चिमेकडच्या प्रवाहाला जाऊन मिळाली आणि तो पूल कोरड्या गोट्यांवर उभा राहिला. पुराने झालेला विध्वंस डोळ्यांत भरतो, पण मला या शांत बदलाचे गांभीर्य अधिक वाटते. बर्फाचे ओझे कमी झाल्याने इथली जमीन वर उचलली जात आहे, काही ठिकाणी वर्षाला 3 सेंटिमीटरहूनही अधिक; आणि दाब कमी झाला की प्रावरणातला, म्हणजे कवचाखालच्या थरातला, खडक अधिक प्रमाणात वितळतो. गेल्या हिमयुगाच्या अखेरीस आइसलँडमधले उद्रेक कित्येक पटींनी वाढले होते, म्हणून आता काय होईल हा प्रश्न इथल्या शास्त्रज्ञांना स्वस्थ बसू देत नाही. जगभर समुद्राची पातळी वाढत असताना होफ्न या किनाऱ्यावरच्या गावातल्या मच्छीमारांना मात्र जमीन उचलली गेल्याने बंदराच्या तोंडाशी पाणी उथळ होण्याची चिंता आहे.