आभाळासाठी वर्गणी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. उपग्रहाकडून चित्र घ्यायला शाळेसाठी आम्ही लोकवर्गणी केली, तेव्हापासून सिंदेवाहीच्या बाजारात कुणी ना कुणी थांबवतंच. "गुरुजी, सप्त्याची वर्गणी समजते. आभायाची कायले जी?"

आमच्या तालुक्यात आभाळ एकदा खाली आलेलं आहे. २ एप्रिल २०२२ च्या रात्री जळत्या रेघा गेल्या आणि लाडबोरीत धातूचं भलं मोठं कडं पडलं. चिनी रॉकेटचा तुकडा असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं. मग वर्गात एकच विषय: वर अजून काय काय फिरतं?

वर्गणी मागताना मी घरोघरी किकसॅटची गोष्ट सांगायचो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने इंटरनेटवर वर्गणी मागितली आणि ३१५ जणांनी मिळून सुमारे ७४ हजार डॉलर दिले. बिस्किटाएवढ्या १०४ चकत्या, म्हणजे इवलेसे उपग्रहच, एकेक जेमतेम पाच ग्रॅमची, एका छोट्या उपग्रहातून सोडायच्या होत्या. १८ एप्रिल २०१४ ला उपग्रह वर गेला. पण आतलं घड्याळ मध्येच शून्यावर आलं, चकत्या सुटल्याच नाहीत आणि १४ मेच्या सुमारास सगळं वातावरणात जळून गेलं. वर्गणीदारांना मात्र काय बिघडलं ते वेळच्या वेळी कळत होतं. पुढे २०१९ मध्ये किकसॅट-२ मधून १०५ चकत्या सुटल्या. पैसा बुडू शकतो हे आधी सांगायचं आणि बुडालाच तर कसा बुडाला तेही सांगायचं, अशी वर्गणी मला मागवते.

आमचा खर्च सहा हजारांच्या आत. बांबूवर ॲल्युमिनियमच्या दोन सळ्या, प्रत्येकी ५३ सेंटिमीटर, मध्ये १२० अंशांचा कोन. लॅपटॉपला एक छोटा रिसीव्हर. पहिल्या दिवशी नुसती खरखर. मी फळ्यावर लिहिलं: 'चित्र आलं नाही. कारण शोधतो आहे.' खाली खर्च आणि शिल्लक. अँटेना टिनाच्या छपराला खेटून होता, एवढंच कारण निघालं.

तो उचलून शेताच्या धुऱ्यावर नेला. जून २०२३ ची सकाळ. नोआ-१९ हा अमेरिकेचा हवामान उपग्रह उत्तरेकडून वर आला तशी टिकटिक सुरू झाली. सेकंदाला दोन ओळी, अशी चित्राची पट्टी उतरत गेली: हिमालयाचा बर्फ, मग बंगालच्या उपसागराचा किनारा. पोरं श्वास रोखून उभी!

वीस रुपये देणारे एक आजोबा आले होते. "आपलं गाव कुठं हाय?" त्या चित्रात एका ठिपक्यात चार किलोमीटर मावतात, गाव दिसत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांचं बोट उपसागरावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर थांबलं.

"हा ढग इकडंच येऊन रायला का जी?"

ऑगस्ट २०२५ मध्ये नोआ-१९ बंद झाला. आता रशियाच्या मेटिऑर या हवामान उपग्रहाची चित्रं घ्यायला वर्गणी सुरू आहे. पहिली पावती त्या आजोबांची.