तुम्ही विचारलंत म्हणून: मला नदीकाठ नकोय का?

"तुमचा नेमका प्रॉब्लेम काय आहे, साबरमतीसारखं पुण्यात नको का?" पुण्यात मुळा-मुठेच्या काठाने अहमदाबादच्या साबरमतीसारखा रिव्हरफ्रंट होतोय, पात्रात भराव टाकून आणि भिंती घालून, आणि मी त्यावर कुरकुरतो, म्हणून लग्नात, लिफ्टमध्ये, फॅमिली ग्रुपवर, सगळीकडे हेच. म्हणून एकदाच लिहितो.

हवंय हो. शनिवारवाड्यापासून मुठा चालत काही मिनिटांवर, आणि तिच्याशी आपला संबंध काय, तर भिडे पुलाशी गाडी लावायची आणि नाक दाबून निघायचं. पण साबरमतीत दिसतं ते पाणी नर्मदेच्या कालव्याचं आहे. मुठेच्या खोऱ्यात वर चार धरणं, उन्हाळ्यात गावातून वाहतं ते बहुतेक मैलापाणी, आणि पावसाळ्यात खडकवासल्यातून सोडलं की एकदम सगळंच.

25 जुलै 2024. मावशी सिंहगड रोडला, एकता नगरीत, तळमजल्यावर. पहाटे विसर्ग 35 हजार क्युसेकच्या घरात गेला, तिला कुणी काही कळवलं नव्हतं. पाणी आधी दारातून आलंच नाही, बाथरूमच्या जाळीतून बुडबुडत वर आलं, काळं. तिला वाटलं ड्रेनेज तुंबलंय, म्हणून ही बाई फडकं आणि बादली घेऊन पुसत बसली! मग दाराच्या फटीतून यायला लागलं आणि बघता बघता फ्रिज आडवा होऊन तरंगला, वरच्या मजल्यावरच्या पोरांनी तिला ओढून नेलं तरी ती गव्हाचा डबा सोडेना. मी पोचलो तेव्हा स्विचबोर्डच्या वर चिखलाची रेघ होती आणि चिखलाला वास गटाराचा. निळी पूररेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100, हे त्या सोसायटीत त्या आठवड्यात शाळकरी पोरंही सांगत होती.

तेव्हापासून पात्रात भराव दिसला की माझं डोकं फिरतं. प्रकल्पवाले म्हणतात पूरपातळी वाढणार नाही, उलट कमी होईल. असेल, मी इंजिनिअर नाही. पण भिंत घालून नदी जवळ कशी येते ते मला अजून कुणी पटवलेलं नाही. मुठेकाठच्या जुन्या ओंकारेश्वर मंदिराच्या पायऱ्यांना भिंत लागली नव्हती.

दहा वर्षांपूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, अरे लोक काठावर जातच नाहीत म्हणून तर तिचं गटार झालं, आणि तू अजून त्यांना अडवतोयस? ह्याला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही.

आणि मावशी? बंडगार्डनचा तयार झालेला तुकडा बघून आली, सपाट आहे, गुडघ्यांना बरं पडतं म्हणे. मी भराव आणि पूररेषा सुरू केलं तर म्हणाली, ते तू बघ रे, आमच्याकडे कधी होणार तेवढं सांग.