सिरियल पोर्टवरचे बाइट गळतात कुठे?

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनशेजारी लिनक्सचा छोटा पीसी ठेवून सिरियल पोर्टवरून डेटा घेतात. डेटा गळायला लागला की पहिला संशय प्रोग्रामवर: रीड (कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, डेटा मागणारा सिस्टिम कॉल) जास्त वेळा मारा, बफर वाढवा. पण बाइट बहुतेकदा रीडपर्यंत पोचलेलाच नसतो.

हिशोब मांडा. 115200 बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) स्टार्ट-स्टॉप धरून एका बाइटचे 10 बिट, म्हणजे साधारण 87 मायक्रोसेकंद. पोर्ट सांभाळणाऱ्या 16550ए चिपच्या पोटात 16 बाइटांची रांग. लिनक्सचा ड्रायव्हर साधारणपणे 8 बाइट जमले की इंटरप्ट (हातातलं काम थांबवायला लावणारी चिपची हाक) घेतो. उरल्या 8 जागा, म्हणजे सुमारे 700 मायक्रोसेकंद. तेवढ्यात हँडलर (इंटरप्टला उत्तर देणारा कर्नलचा कोड) धावला नाही तर पुढचा बाइट गेला. कुठलाही सिस्टिम कॉल तो परत आणत नाही.

उशीर होतो तो बहुधा दुसऱ्याच कुणामुळे. एखाद्या ड्रायव्हरनं इंटरप्ट बंद करून स्पिनलॉक (मिळेपर्यंत जागीच फिरत ठेवणारं कुलूप) धरला आणि आत नको तेवढं काम केलं, की त्या कोअरवरचे सगळे ताटकळतात. म्हणून हँडलरनं चिप रिकामी करायची, बाइट बफरमध्ये टाकायचे आणि सुटायचं, बाकीचं वर्कक्यूवर (मागाहून करायच्या कामांच्या रांगेवर). हँडलरमध्ये झोपायची, म्हणजे थांबून वाट बघायची, सोय नाही. म्युटेक्स (झोपून वाट बघायला लावणारं कुलूप) मागितला आणि झोपायची वेळ आली, की कर्नल ‘शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ म्हणून बोंब मारतो. झोपवणार कुणाला? हँडलरला स्वतःची प्रोसेसच नसते, मध्येच अडवलेल्या भलत्याच प्रोग्रामच्या जिवावर तो चालतो.

रीडचं तसं नाही. तो प्रोग्रामच्या नावानंच कर्नलमध्ये शिरतो, त्यामुळे डेटा येईपर्यंत खुशाल झोपू शकतो. 64-बिट इंटेल-एएमडीवर प्रोसेसरच्या आरएएक्स या रजिस्टरमध्ये (आतल्या छोट्या कप्प्यात) रीडचा क्रमांक 0, आरडीआय-आरएसआय-आरडीएक्समध्ये फाइल क्रमांक, बफरचा पत्ता आणि लांबी, मग ‘सिसकॉल’ ही सूचना. ती परतीचा पत्ता आरसीएक्समध्ये कोंबते, म्हणून चौथं अर्ग्युमेंट आर10मध्ये द्यावं लागतं. गंमत म्हणजे ती स्टॅक (चालू कामाच्या तात्पुरत्या नोंदींची जागा) बदलत नाही; ते कर्नलच्या पहिल्या ओळींना हातानं करावं लागतं. प्रोग्राम चालू असताना इंटरप्ट आला, तर मात्र प्रोसेसर स्वतःच कर्नलच्या स्टॅकवर जातो.

रीडकडून 64 मागितले आणि 8 मिळाले, तर ती चूक नव्हे. मॉडबसची (यंत्रांच्या आपसातल्या संवादाच्या पद्धतीची) फ्रेम, म्हणजे एक पुरा संदेश, एका रीडमध्ये पुरी येईल असं धरून सीआरसी (संदेश शाबूत आहे का ते सांगणारा आकडा) तपासणारा कोड हमखास फसतो. सिग्नल आला की ‘ईइंटर’ (काम मध्येच अडलं, असा निरोप) मिळू शकतो, पुन्हा मागा.

दोष कुणाचा ते ठरवायला रूट होऊन प्रॉकमधल्या टीटीवाय, ड्रायव्हर, सिरियल या वाटेनं फाइल उघडा. पोर्टच्या ओळीत ‘ओई’चा (ओव्हररन, म्हणजे चिपमध्ये जागा नसल्यानं बाइट गेल्याचा) आकडा वाढतोय? इंटरप्टला उशीर होतोय. ‘ओई’ दिसतच नाही आणि फ्रेम तरी तुटतात? मग आपला रीडचा लूप बघा.

यूएसबी कन्व्हर्टर असेल तर वरचा 700चा हिशोब विसरा. तिथं बाइट पाकिटांतून येतात, आणि एफटीडीआय कंपनीच्या चिपचा लेटन्सी टायमर (अर्धं पाकीट पाठवण्याआधी थांबायचा वेळ) मुळात 16 मिलिसेकंदांवर असतो. तो 1 वर आणून मग मोजा.