बैल आणि बैलाला

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. एबीसीडी तोंडात बसते न बसते तोच 'द' (the) आडवा आला. गाईडात त्याच्यापुढं लिहिलेलं असायचं, 'अर्थ नाही'. अर्थ नसलेल्या शब्दाचे मार्क मात्र कापले जायचे.

आठवीत इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर चक्क मराठीत दोन वाक्यं लिहिली. 'गणपा बैल हुडकतोय.' 'गणपा बैलाला हुडकतोय.' म्हणाले, फरक सांगा. वर्ग गप्प. शेवटच्या बाकावरचा, इंग्रजीत सगळ्यांत कच्चा गडी उठला, "सर, पहिला माळेगावच्या जत्रंला जाईल. दुसरा रानोमाळ हिंडंल."

सरांनी खडू खाली ठेवला. पहिल्याला बैल विकत घ्यायचाय, कोणताही चालेल, तो इंग्रजीतला 'अ' (a). दुसऱ्याचा दावं तोडून गेलाय, त्याला तोच पाहिजे, तो 'द'. हे 'ला' सगळीकडं चालत नाही, हेही बजावलं. 'भाकरीला आण' असं कोण म्हणतं? मग गोष्टीतला राजा आला. 'एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या.' ओळख झाली की 'एक' जातो, 'त्या' येतो.

नावांपाशी ही युक्ती अडायची. 'नांदेड इज ऑन द गोदावरी.' नदीला 'द', नांदेडला नाही. मराठवाड्याला नाही, दख्खनला मात्र 'द डेक्कन'. का? "कारण असतं तिथं सांगतो, नसतं तिथं पाठ करा," सर म्हणायचे. स्वराच्या उच्चारापुढं 'दि', एरवी 'द', हे त्यांनी वेरूळच्या सहलीला एसटीत घोकून घेतलं. 'दि एलोरा केव्हज', 'द कैलासा टेम्पल'. कंडक्टरलाही पाठ झालं असेल.

पुढं लातूरला एका डाळमिलीत लागलो. नवी मोटर मागवायची होती, पत्रात 'सेंड द मोटर' लिहिलं. पुण्याहून उलट विचारणा, कोणती मोटर? ऐन तुरीच्या सीझनमध्ये आठवडा गेला. मालकानं काय काय ऐकवलं ते शाळेच्या या स्मरणिकेत छापण्यासारखं नाही. 'बैल' लिहायचं तिथं 'बैलाला' लिहून बसलो होतो.

सरांचा आणखी एक धडा आहे. पोरगं शिकायला जातं तेव्हा 'गोज टू स्कूल', 'द' नको. बाप फी भरायला येतो तेव्हा 'टू द स्कूल', कारण त्याचं काम शिकण्याचं नाही, तो नुसता त्या इमारतीत येतो. शाळेच्या महोत्सवाचं निमंत्रण पोचलं. सहकुटुंब येतोय, टू द स्कूल.