न्यायालय मध्ये आले की लोकपाल थांबतो

गेल्या हिवाळ्यात इथे इंग्लंडमध्ये परिचयाच्या एका मराठी गृहस्थांनी माझ्यासमोर नऊ पानांचा अर्ज ठेवला आणि म्हणाले, "ताई, एवढे इंग्रजी तपासून द्या, लोकपालाकडे पाठवायचे आहे." पती-पत्नी विभक्त झाल्यावर मुलीच्या भेटींचा प्रश्न कौटुंबिक न्यायालयात गेला होता, न्यायालयाने कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) सोशल वर्करकडून अहवाल मागवला होता आणि तो एकतर्फी असल्याची त्यांची तक्रार होती. वाचून झाल्यावर, यातल्या आठ पानांची दखल लोकपालाला घेताच येणार नाही, हे त्यांना सांगण्याची अवघड वेळ माझ्यावर आली.

'लोकपाल' म्हटले की आपल्याकडे भ्रष्टाचार आठवतो आणि महाराष्ट्रात तर लोकायुक्ताचा कायदा १९७१ पासून आहे. इंग्लंडमध्ये कौन्सिलांवरच्या तक्रारी पाहणारा लोकपाल १९७४ च्या कायद्याने आला आणि त्याचे काम बरेच वेगळे आहे. कौन्सिलचा निर्णय आपल्याला पटला नाही, एवढ्यावर तो हस्तक्षेप करत नाही. निर्णयापर्यंत पोहोचताना कारभारात चूक झाली का आणि त्यामुळे कोणाचे नुकसान झाले का, हे तो पाहतो. न्यायालयीन कामकाज मात्र कायद्यानेच त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहे. १९८९ च्या बालक कायद्याच्या ७ व्या कलमाखाली मागवलेला अहवाल हा त्या कामकाजाचाच भाग ठरतो. त्यातले निष्कर्ष चुकीचे वाटत असतील तर ते न्यायाधीशांपुढे मांडावे लागतात आणि अहवाल लिहिणाऱ्याची उलटतपासणी मागावी लागते. अहवाल कौन्सिलऐवजी काफ्कासने, म्हणजे मुलांच्या हिताबाबत न्यायालयाला सल्ला देणाऱ्या सरकारी संस्थेने, दिला असेल, तर तक्रार सरकारी खात्यांवरच्या तक्रारी पाहणाऱ्या संसदीय लोकपालाकडे जाते, तीही खासदारामार्फत. पण न्यायालयाची भिंत तिथेही आहेच.

या मर्यादेमागचे कारण मला पटते. मुलाने कोणाकडे राहावे याची दोन ठिकाणांहून दोन उत्तरे आली, तर हाल मुलाचेच होतील. आपण सर्रास 'ताबा' म्हणतो (शब्द घराच्या व्यवहारातला वाटतो), पण इथल्या कायद्याने तो १९८९ मध्येच बाजूला सारला आणि २०१४ पासून मूल कोठे राहील व कोणाबरोबर वेळ घालवेल, याची एकच 'व्यवस्था' न्यायालय ठरवते. ठरलेल्या भेटीला आईने मुलीला पाठवले नाही, तर तो दोन पालकांमधला वाद असतो आणि त्यासाठी पुन्हा न्यायालयातच जावे लागते. आदेश मोडणाऱ्याला ते २०० तासांपर्यंत बिनपगारी काम करायला लावू शकते.

तरीही माणसे लोकपालाकडे का धावतात, हेही समजण्यासारखे आहे. एप्रिल २०१३ पासून अशा खासगी कौटुंबिक दाव्यांसाठी सरकारी कायदेशीर मदत, घरगुती हिंसाचारासारखे अपवाद सोडले तर, बंद झाली. वकिलाचे शुल्क न परवडणाऱ्याला लोकपालाचे विनामूल्य दार आशेचे वाटते आणि त्या दारावरच्या अटी तो फार उशिरा वाचतो.

नवव्या पानावर मात्र दोन गोष्टी होत्या. मुलीच्या शाळेबाबत विचारणा करणाऱ्या त्यांच्या पत्राला कौन्सिलने पाच महिने उत्तर दिले नव्हते आणि रीतसर केलेली तक्रार नोंदवलीच नव्हती. न्यायालयापुढे यातले काहीच आले नव्हते. हा निव्वळ कारभारातला ढिसाळपणा होता. घटना कळल्यापासून साधारण बारा महिन्यांत लोकपालाकडे जावे लागते आणि त्याआधी कौन्सिलला उत्तर देण्याची वाजवी संधी द्यावी लागते, या दोन्ही अटी इथे पूर्ण होत होत्या. मी हे समजावले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे माझ्या मुलीचे यात कुठेच काही नाही."

खरेच नव्हते. फार तर लोकपाल दिरंगाईबद्दल माफी मागायला आणि थोडी भरपाई द्यायला सुचवील, एवढेच मी सांगू शकले. त्यांनी पहिली आठ पाने घडी करून पिशवीत ठेवली, पुढच्या सुनावणीसाठी, आणि नववे पान माझ्याकडे सरकवले.