तुम्ही विचारलंत म्हणून: एकच भोक दोनदा का पाडता?

"एवढ्याशा डोंग्याले एकच भोक दोनदा कायले पाडून राहिले काका?" अंगणातली होडी बघायला येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. वर, "आपलं पाणी तर गोडं, त्यात काय गंजणार?" इतके दिवस हसून टाळलं. आज सांगतोच.

गंजाची मला भीती नाही, कुजण्याची आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारं पाणी मानवत नाही. गोड्या पाण्यात तिचं फावतं. साचलेलं पावसाचं पाणी त्याहून वाईट. प्लायवुड वॉटरप्रूफ म्हणतात, पण वॉटरप्रूफ असतो तो थरांमधला डिंक. भोक पाडलं की आतल्या थरांची कापलेली टोकं उघडी पडतात आणि पाणी ओढतात. पहिली होडी बांधताना हे मी वाचलेलं होतं. माहीत नव्हतं, असं म्हणायची मला सोय नाही.

फेब्रुवारी २०१९, रामटेकजवळचा खिंडसी तलाव. डोलकाठीला बाजूने ताणून धरणारी तार ज्या पट्टीला अडकवतात, तिला चेनप्लेट म्हणतात. माझ्या पट्ट्या नागपुरात इतवारीतल्या लोहाओळीतून आणलेल्या चांगल्या स्टीलच्या होत्या, पण ९ मिलिमीटरच्या प्लायमध्ये नुसत्या स्क्रूंवर बसवलेल्या. निघायच्या आधी भाचा म्हणाला, "मामा, हा स्क्रू हलतोय." मी स्क्रूड्रायव्हर लावून अर्धा फेरा दिला. स्क्रू आवळला गेला नाही, जागच्या जागी फिरला. माझ्या हाताला ते कळलं होतं. तरी म्हणालो, "झालं, बस."

तासाभराने डोंगराकडून वाऱ्याचा झोत आला. होडी कलली, सगळा ताण एका तारेवर आला आणि पट्टी तिन्ही स्क्रूंसकट उपटली. डोलकाठी भाच्याच्या खांद्यावर पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं. वल्ही मारत काठाला यायला ४० मिनिटं लागली. पोरगा एकदाही ओरडला नाही. घरी आल्यावर पट्टी पाहिली. स्टील कोरं करकरीत. स्क्रूच्या आट्यांत काळा भुसा, बोटांत चुरडला तर ओला, चहाच्या चोथ्यासारखा.

म्हणून आता ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी आधी १२ चं भोक पाडतो, खालून चिकटपट्टी लावून त्यात घट्ट कालवलेलं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळले की दगडासारखं कडक होणारं चिकट रसायन, भरतो, आणि ते वाळलं की मधोमध ६ चं पाडतो. पाणी शिरलंच तरी त्याला लाकूड सापडत नाही. पट्टीखाली ब्यूटिल टेप (पाणी अडवणारा मऊ, चिकट रबरी पट्टा), आतून सागवानी ठोकळा, मोठे वायसर. आवळताना बोल्ट स्थिर धरायचा, फिरवायचा फक्त नट. नाहीतर बोल्टच्या मानेभोवतीचा टेप सुटतो.

बायको म्हणते, तुम्ही होडी बांधत नाही, प्रायश्चित्त घेताय. मला नाही पटत. तेव्हाही मी आळशी नव्हतो. सहा महिने रोज रात्री राबलो होतो, फक्त पाण्यात उतरायची घाई झाली होती. मग तो अर्धा फेरा? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. बोल्ट असते तरी कुजक्या लाकडात टिकले असते का, याचं उत्तरही कधी हो येतं, कधी नाही.

मागच्या महिन्यात भाचा आला होता. नव्या होडीत बसला नाही. चेनप्लेटपाशी वाकून पट्टी अंगठ्याने दाबून पाहिली आणि काही न बोलता घरात गेला.

उजव्या बाजूची चार भोकं काल ऊन उतरल्यावर भरली. दुपारी या उन्हात इपॉक्सी वाटीतच तापून दगड होतं. उद्या पहाटे पुन्हा पाडीन.