पलीकडच्या खोलीतलं लंडन

गेल्या आठवड्यात जेवणं झाल्यावर मी इयरफोन लावून बसले होते तर आईने त्यातला एक काढून स्वतःच्या कानात घातला, मिनिटभर ऐकलं आणि उठून थेट खिडकीशी गेली. काय झालं विचारलं तर म्हणाली, अगं पाऊस लागला, कपडे बाहेर आहेत ना. फेब्रुवारी महिना, बाहेर पाऊसबिऊस काही नाही. पाऊस गाण्यात होता.

तो अल्बम म्हणजे 'बरिअल' या नावाने इलेक्ट्रॉनिक म्युझिक करणाऱ्या एकाचा 'अनट्रू'. यावर कधीपासून लिहायचं होतं, आईमुळे एकदाचा मुहूर्त लागला.

५ नोव्हेंबर २००७ ला आला हा, हायपरडब नावाच्या लंडनच्या छोट्या लेबलवर. तेरा ट्रॅक, साधारण पन्नास मिनिटं. करणारा साऊथ लंडनचा, पण तो नक्की कोण हे तेव्हा जवळच्या चारदोन लोकांनाच माहीत होतं. २००८ मध्ये अल्बम मर्क्युरी प्राइझच्या, म्हणजे तिकडच्या वर्षातल्या उत्तम अल्बमच्या बक्षिसाच्या, यादीत गेला, तिकडचे पेपर हात धुऊन मागे लागले, तेव्हा त्याने स्वतःच नेटवर फोटो टाकून सांगितलं की माझं नाव विल्यम बेवन आणि मला फक्त गाणी करायची आहेत. तो स्टेजवर येत नाही. प्राइझ त्या वर्षी दुसऱ्याच एका बँडला गेलं, ते जाऊ दे.

यात गाणं म्हणावं असं गाणं नाही, म्हणजे मुखडा अंतरा वगैरे काही नाही, गोष्ट सांगणारे शब्द नाहीत. पण आवाज आहेत, आणि माझ्यासाठी सगळा जीव तिथेच आहे. दुसऱ्यांच्या आर अँड बी, म्हणजे अमेरिकन धाटणीच्या पॉप गाण्यांतून एखादी ओळ, कधी नुसता अर्धा शब्द कापून घ्यायचा, बाईचा आवाज असेल तर खाली उतरवायचा, पुरुषाचा असेल तर वर चढवायचा, आणि मग तो लांब कुठेतरी ठेवून द्यायचा. 'आर्केंजल'मधला आवाज रे जे नावाच्या अमेरिकन गायकाच्या २००५ च्या गाण्यातला आहे, मूळ गाणं मी शोधून ऐकलं, चांगलं गुळगुळीत प्रेमगीत आहे, पण इथे तोच माणूस इतका एकटा वाटतो की ओळखू येत नाही. आईने दुसऱ्यांदा ऐकताना पहिला प्रश्न हाच विचारला, हा बुवा आहे का बाई? आणि मग स्वतःच म्हणाली, आमच्या अण्णांकडे बालगंधर्वांच्या रेकॉर्डी होत्या त्या ऐकताना लहानपणी मला असंच व्हायचं. मी हा अल्बम पन्नासेक वेळा तरी ऐकला असेल, बालगंधर्व माझ्या डोक्यात कधी आले नव्हते.

मला हे आवाज पहिल्यापासून ओळखीचे का वाटले ते सांगते. मी वाढले गिरगावात चाळीत. दोन बिऱ्हाडांच्या मध्ये भिंत म्हणजे लाकडी फळ्यांचं पार्टिशन, वर छताशी वीतभर मोकळी जागा. पलीकडे माई राहायच्या. दुपारी सगळीकडे जरा शांत झालं की त्या तांदूळ निवडायला बसायच्या, सुपाचा आवाज यायचा आणि त्यात मधूनच त्यांचं गाणं. शब्द मला कधीच कळले नाहीत. फळ्यांमधून येताना क, ट, स सगळं गळून जातं, वरच्या फ्रिक्वेन्सी भिंत खाऊन टाकते, तुमच्यापर्यंत पोचतो तो नुसता आकार उकार. शाळेतून येऊन मी त्या फळ्यांना पाठ लावून बसायचे, आणि मला वाटायचं माईंना काहीतरी झालंय, कोणाचीतरी आठवण येतेय, कारण शब्द कळले नाहीत की सगळंच तसं ऐकू येतं. 'अनट्रू' पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी रात्रीच्या शेवटच्या लोकलमध्ये होते, लेडीजमध्ये तीन बायका, दोघी झोपलेल्या, आणि दुसऱ्याच ट्रॅकला माझ्या पाठीला त्या फळ्या लागल्या. अक्षरशः.

रात्रीचं म्हणाल तर या अल्बमबद्दल कोणीही बोललं की नाइट बस येतेच. तेव्हा लंडनची ट्यूब, म्हणजे तिकडची मेट्रो, रात्री बंद व्हायची, शुक्रवार शनिवारची रात्रभर सेवा पार २०१६ मध्ये सुरू झाली, म्हणजे २००७ मध्ये क्लबमधून निघालेल्या पोराला घरी जायला बसच, खिडकीवर पाऊस, कानात अजून घुमणारं म्युझिक. आपल्याकडे एकच्या सुमारास शेवटची लोकल गेली की चारपर्यंत काही नाही, त्यामुळे ती तंद्री मला कोणी समजावून सांगायला नको. पावसाचा आवाज मात्र वेगळा. आपला पाऊस पत्र्यावर पडतो, बडवतो, टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. यातला बारीक आहे, जुन्या तबकडीची खरखर आणि रिमझिम एकमेकांत मिसळून टाकलीत, कुठलं काय ते सांगता येत नाही.

आता ठेका. लंडनचं गराज नावाचं म्युझिक, त्यातला टू-स्टेप प्रकार, हा त्याचा पाया. साध्या डान्स म्युझिकमध्ये चारही मात्रांना किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, पडते, धप धप धप धप. टू-स्टेपमध्ये त्यातल्या काही गाळतात आणि ती गाळलेली किक तुमचं अंग भरून काढतं. तीनतालात खालीला बायां गप्प होतो आणि आपण उलट जास्त लक्ष देऊन ऐकतो, तसंच काहीसं. त्यात याने सगळं साऊंड फोर्जवर केलंय, ते मुळात आवाज कापायचं जोडायचं सॉफ्टवेअर, त्यात बीट आपोआप ओळीत बसवून देणारी चौकट नसते, म्हणजे प्रत्येक ठोका डोळ्यांनी बघून हाताने ठेवायचा. म्हणून ते ठोके किंचित मागेपुढे पडतात, माणसाच्या हातचे वाटतात. त्याने एका मुलाखतीत सांगितलंय की ड्रम जमले की नाही हे तो स्क्रीनवरच्या आकृतीवरून ओळखतो, जमले असले की माशाच्या काट्यासारखे दिसतात. मी ट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये टाकून झूम करून बघितलं. खरंच दिसतो, मधला कणा आणि वरखाली बारीक काटे, बांगडा खाऊन झाल्यावर ताटात उरतो तसा.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. जंगल, रेव्ह, गराज, नव्वदीत तिकडे अशा म्युझिकवर रात्रभर नाचायच्या त्या सगळ्या पार्ट्यांचं दुःख या अल्बममध्ये भरलंय, शेवटच्या ट्रॅकचं नावच 'रेव्हर', म्हणजे अशा पार्ट्यांना जाणारा, आहे, आणि तो स्वतः त्या मैदानातल्या, गोदामातल्या पार्ट्यांना कधी गेलेलाच नाही. मोठे भाऊ जायचे, रेकॉर्डी आणायचे, गोष्टी सांगायचे, त्यावर हा वाढला. म्हणजे तोही पलीकडच्या खोलीतलंच ऐकत होता. लंडन पाहिलेले माझे मित्र सांगतात की तिकडे गेल्याशिवाय हा अल्बम कळणार नाही. मला हे पटत नाही. ज्याने केला त्यालाही त्यातलं अर्धं भिंतीतूनच ऐकू आलं होतं.

हे सगळं मी त्या रात्री आईला सांगत बसले. आता आमची चाळ नाही, आम्ही नवव्या मजल्यावर राहतो, शेजारच्यांचा आवाज काय आडनावही मला दाराच्या पाटीवरून माहीत. मी विचारलं, माई ते दुपारी गायच्या ते गाणं कुठलं होतं गं? आई म्हणाली, कुठलं गाणं, तिला एक गाणं धड येत नव्हतं. विविध भारती लावलेली असायची, आवडती ओळ आली की तेवढी म्हणायची आणि गप्प, मग पुढची आवडती येईपर्यंत तांदूळ.

म्हणजे मी ज्याला एक लांबलचक दुःखी गाणं समजत होते ते पंधरावीस गाण्यांचे तुकडे होते.

आईने परत इयरफोन घेतला, कानात घालायच्या आधी म्हणाली, त्या वेळेला मी मिक्सर लावत नसे.